दशम्यांचा डबा, मंगळवारचा फोन

आमच्या आईचा एक नियम होता. कुणाचा डबा, वाटी, पातेलं घरात आलं की ते रिकामं परत द्यायचं नाही. दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण घालायची. कराडला आमच्या आळीत हा नियम सगळेच पाळत, आई मात्र त्याची पोलिसगिरी करायची. शेजारच्या काकू विरजणाची वाटी परत द्यायला आल्या की ही हसत हसत आत डोकावून घ्यायची.

मी तिचीच मुलगी. लग्नानंतर चंदीगडला आले, मोहालीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागले, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेऊ लागले, पण डब्याचा नियम काही सुटला नाही. शेजारच्या पम्मी आंटींनी पहिल्याच आठवड्यात राजमा पाठवला. मी डबा धुऊन त्यात शंकरपाळे भरून दिले. आंटींच्या घरीही तोच नियम निघाला! त्यांनी त्याच डब्यातून पिन्नीचे लाडू पाठवले. तो डबा आमच्या दोन घरांत गेली अठरा वर्षं फिरतो आहे. मुळात तो कुणाचा हे आता दोघींनाही आठवत नाही.

आज माझ्या पोटात कुणाची तरी किडनी आहे. ती कुणाची हे मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. जे लोक आत्ता यादीत नाव घालून फोनची वाट बघत बसलेत, किंवा फोन येऊन गेल्यावर माझ्यासारखे अस्वस्थ फिरत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची माहिती डॉक्टर देतील. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगणार.

सोबत कोण आहे?

सुरुवात डोळ्यांखालच्या सुजेने झाली. मी दोष झोपेला दिला. पायांवर मोज्यांच्या खुणा उमटून राहायला लागल्या, दोष इलॅस्टिकला दिला. सकाळी मळमळायचं, त्याला पित्त म्हटलं आणि जिऱ्याचं पाणी प्यायले. माझा नवरा अविनाश डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासतो. तो म्हणाला, "उशी बदलून बघ." दोन तपासनीस एका घरात, आणि चूक सहा महिने दोघांच्या नाकाखाली बसलेली.

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांनी मला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथली डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. तिने कागद वाचला, परत वाचला आणि विचारलं, "आपके साथ कोई आया है?"

मी म्हटलं, "नहीं, मैं ही आई हूँ."

"तो पहले किसी को बुला लीजिए."

बास. निदान मला त्या वाक्यातच कळलं. पुढचा तासभर मी बाहेरच्या बाकावर अविनाशची वाट बघत बसले. अशा वेळी माणूस आयुष्याचा विचार करतो म्हणे. मी विचार करत होते की सकाळी चणे भिजत घातलेत, ते फार भिजले तर आंबतील.

अविनाश आला. दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला असणार, कुणी मोजलाच नव्हता. ज्याच्या कारखान्यातून रोज रक्तदाबाच्या गोळ्यांची खोकी भरून जातात, त्याच्या घरात दाब मोजायचं यंत्र नव्हतं. हे अविनाशच्या डोक्यात माझ्याआधी आलं. तो परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता रडला, आणि मी त्याला सिग्नल हिरवा झाल्याचं सांगत राहिले.

मंगल-वीर-शनि

डायलिसिसच्या जगात माणसाला नावापेक्षा वार चिकटतो. इकडे गुरुवारला वीरवार म्हणतात, म्हणून मी झाले 'मंगल-वीर-शनिवाली मॅडम'. आठवड्यातले तीन दिवस चार-चार तास यंत्राशेजारी पडायचं. नवदीप नावाचा टेक्निशियन सुई टोचताना आणि काढतानाही दर वेळी त्याच सुरात म्हणायचा, "बस जी, मच्छर काटेगा." त्या जाडीचा मच्छर मी अजून पाहिलेला नाही.

सुईची सवय झाली. तहानेची कधीच झाली नाही. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, त्यामुळे दिवसाला पाऊण लिटरच्या आत सगळं भागवायचं, चहा आणि आमटीसकट. माझी मुलगी रेवा तेव्हा दहावीत होती. ती रोज सकाळी माझी बाटली मोजून भरायची आणि तिच्यावर पेनने खुणा करायची. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती उत्तर हिंदीत देते. "मम्मा, बारा बजे तक यहाँ तक, पक्का?" मी पक्का म्हणायचे, आणि चूळ भरायला म्हणून बाथरूममध्ये जाऊन दोन घोट चोरून गिळायचे. सत्तेचाळीस वर्षांची बाई मुलीपासून लपून नळाचं पाणी पीत होती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, आता इथे वाचेल.

अविनाश या चार तासांत बाहेर थांबायचा. हॉस्पिटलच्या फाटकापाशी दुपारी लंगर लागतो. पहिले दोन महिने तो तिकडे फिरकला नाही. "आपल्याला काय कमी आहे? ते गरजूंसाठी असतं." मग एका शनिवारी डबा घरी विसरला आणि भुकेने कासावीस होऊन रांगेत उभा राहिला. पुढे आल्यावर त्याने एक हात पुढे केला. वाढणारे सरदारजी थांबले आणि म्हणाले, "दोनों हाथ, बाऊजी." त्याने दोन्ही हात पसरले. पोळी हातांवर पडली. त्याने सवयीने विचारलं, आजचं जेवण कुणाकडून? सरदारजी म्हणाले, "पता नहीं जी," आणि पुढच्या माणसाकडे वळले.

अविनाशने हे मला यंत्राशेजारी बसून सांगितलं. तो हेलावला होता. मला ते पटलंच नाही. देणाऱ्याचं नावच माहीत नसेल तर परत कुणाला देणार? पुढच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर लंगरला पिठाची पिशवी पाठवली आणि मगच जेव म्हटलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, लाज वाटते तरी. अवयवासाठी थांबलेल्यांच्या यादीत नाव लागल्यावर माणूस कशाची प्रार्थना करतो? मी गणपतीपुढे हात जोडायचे आणि पुढचे शब्द सुचायचे नाहीत. माझा फोन वाजायचा तर कुणाच्या तरी घरात आकांत व्हायला हवा. डिसेंबरमध्ये धुकं पडलं. शेजारच्या बेडवरचे एक गृहस्थ छताकडे बघत म्हणाले, "धुंद में नंबर आगे सरकता है." धुक्यात हायवेवर अपघात होतात, असा त्याचा अर्थ. त्या दिवसापासून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की मला आशा वाटायची, आणि मागोमाग स्वतःची किळस यायची.

एकदाच रिकामा

यादीच्या आधी घरातल्यांच्या तपासण्या झाल्या होत्या. अविनाशला साखरेचा आजार आहे, त्यामुळे त्याची किडनी पहिल्याच तपासणीत बाद झाली. कराडहून माझा भाऊ आला, दादा. त्याची जुळली. तो चार दिवस आमच्याकडे राहिला, रेवाला घेऊन तलावावर फिरून आला, आणि जाताना म्हणाला, "दुकानाचं आवरून येतो. तू काळजी करू नकोस."

पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. ती आधी रडलीच. "वन्सं, मला भीती वाटते हो. ह्यांना काही झालं तर मी काय करू? तुम्ही रागावू नका."

मी विचारलं, "दादा आहे का?"

"आहेत. इथंच बसलेत."

तो फोनवर आला नाही. मी वहिनीला म्हटलं, राहू दे, मी समजू शकते. अजिबात समजू शकत नव्हते. आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही. आणि तरी त्या रागाच्या तळाशी मला एक सुटका वाटत होती, हेही खरं. दादाची किडनी घेतली असती तर ते मी कशाने फेडलं असतं? कुठल्या डब्यात काय घालून?

दिवाळीला दादाने फराळ पाठवला. त्याच्या मित्राचा मुलगा इथे एअर फोर्समध्ये आहे, त्याच्याबरोबर मोठा स्टीलचा डबा आला, वर दादाचं नाव कोरलेलं. चकली वहिनीच्या हातची होती. मला ती पथ्यात नव्हती, तरी मी एक खाल्ली. नंतर डबा घासला, पुसला, कोरडा केला आणि त्याच मुलाबरोबर रिकामा परत पाठवला. आयुष्यात एकदाच. वहिनीने झाकण उघडलं असेल तेव्हा तिला कळलं असणार. तेवढ्यासाठीच मी ते केलं होतं.

त्यानंतर दादाचा फोन येणं बंद झालं.

वीरवारची दुपार

जानेवारीचा शेवटचा आठवडा. वीरवार. मी यंत्रावर होते, दोन तास झाले होते. फोन नवदीपने उचलून माझ्या कानाला लावला, कारण माझ्या हातात सुया. पलीकडून बाई म्हणाली की एक किडनी उपलब्ध आहे, तुमचं नाव वर आहे, तपासण्यांसाठी लगेच वरच्या मजल्यावर या. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण काढलेली किडनी फार थांबत नाही, काही तासांत बसवावी लागते.

मी नवदीपकडे पाहिलं. त्याने काही न विचारता यंत्र बंद करायला घेतलं. सुई काढताना पहिल्यांदाच त्याच्या तोंडून मच्छराचं वाक्य आलं नाही.

रेवा शाळेतून थेट आली, गणवेशातच. मी स्ट्रेचरवर होते. "मम्मा, रोना मत, बीपी बढ़ेगा," असं म्हणून ती स्वतः ढसाढसा रडली. मला तेव्हा फार सुचत नव्हतं, पण एक आठवतं. लिफ्टचं दार बंद होताना मनात आलं की याच इमारतीत कुठेतरी कुणीतरी याच वेळी रडतंय, आणि त्यांच्याजवळ कोण आहे?

शुद्धीवर आले तेव्हा नर्स पलंगाखालच्या पिशवीकडे बोट दाखवत होती. पिशवीत पिवळं पाणी. "देखो जी, चल पड़ी!" वर्षभरात माझ्या शरीरातून लघवी जवळजवळ झालीच नव्हती. अविनाशने काचेपलीकडून दोन्ही अंगठे वर केले. लघवीसाठी इतका आनंद करणारं आमचं पहिलंच कुटुंब नसेल, पण त्या दिवशी तसं वाटलं खरं.

आणि मग हुकूम आला: पाणी प्या. दिवसाला तीन लिटर. ज्या पाण्यासाठी मी चोरी केली ते समोर तांब्याभर ठेवलेलं, आणि घोट घशाखाली उतरेना. वर्षभर प्रत्येक घोटाला मी घाबरले होते. आता प्यायला घेतलं की वाटायचं, हे काम करायला आत जी बसली आहे ती माझी नाही, तिला एवढं कसं राबवायचं? रोज दीड लिटरवर गाडी अडायची, डॉक्टर रागवायचे आणि मी कारणं सांगायचे.

दान हा शब्द

तीन महिने घरातच, तोंडाला मास्क, बाहेरचं कुणी नाही. पम्मी आंटी डबा दाराबाहेर ठेवून खिडकीतून हात हलवायच्या. विचार करायला वेळच वेळ होता.

अवयवदान म्हणतात, त्यातला दान शब्द मला टोचायचा. दान घेणारा नेहमी खाली बसलेला असतो. आहेर बरा, त्याची यादी असते, आपल्याकडे लग्न निघालं की तोलामोलाचा परत करता येतो. संक्रांतीचं वाण त्याहून बरं, ते हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हातात पडतं आणि त्याला लुटणं म्हणतात. घेणारीचा रुबाब त्या शब्दातच आहे. पण हे जे मला मिळालं ते कशात घालायचं? देणारा माणूस तर देतानाच गेला. ज्यांनी सही केली ते त्याचे आईबाप असतील, नवरा किंवा बायको असेल. हॉस्पिटलच्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं: नाव विचारायचं नाही, शोधायचं नाही, पत्र लिहायचं तर बिनानावाचं आमच्याकडे द्या. मी सात पत्रं लिहिली आणि सातही फाडली. रेवा म्हणाली, "थँक यू बोल दो ना मम्मा, बस." तिचं वय लहान, तिला वाटतं थँक यू म्हटलं की झालं.

डब्यात काय घालायचं

नोव्हेंबरमध्ये, मी पुन्हा ऑफिसला जायला लागल्यावर, अविनाश जेवताना सहज बोलून गेला. त्याच्या पॅकिंग विभागातल्या बलजीतच्या गावात, डेराबस्सीच्या पुढे, एका घराने जानेवारीत आपल्या मुलीचे अवयव दिले होते. स्कूटरवरून पडली होती. किडन्या आणि डोळे.

"जानेवारीत कधी?"

"शेवटच्या आठवड्यात म्हणाला." आणि मग माझा चेहरा बघून त्याने घास ताटात ठेवला. "शुभदा, नको. हॉस्पिटल सांगत नाही त्याला काहीतरी कारण असेल."

"मी काही मागायला नाही चालले. द्यायला चालले आहे."

"त्यांना आवडेल कशावरून?"

"बलजीतला विचारायला सांग."

बलजीतने विचारलं. त्या लोकांनी या म्हणून निरोप दिला. जे माझ्या जागी आहेत त्यांना मी सांगेन, असं करू नका. नियम आहे तो दोन्ही घरांच्या भल्याचा आहे. मी केलं, कारण मला वर्षभर डोळ्यांपुढे एक रिकामा डबा दिसत होता.

आता डब्यात काय न्यायचं? बेसनाचे लाडू माझ्या हातचे चांगले होतात, पण वर्षाच्या आत दुःखाच्या घरी गोड कसं न्यायचं? पिठलंभात नेतात, पण तो पहिल्या दिवसाचा. दहा महिन्यांनी काय नेतात हे आईने कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी मी दशम्या केल्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, गोड नाहीत, तिखट नाहीत. आजारी माणसाला चालतात, प्रवासात टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. नवा डबा विकत आणला, कारण पम्मी आंटींच्या डब्याचा फेरा मोडून चालणार नव्हतं. गाडीत तो मांडीवर घेऊन बसले, झिरकपूरच्या गर्दीत अविनाशने दोनदा ब्रेक मारला तेव्हा आधी डबा धरला.

हात

घर शेताला लागून होतं. अंगणात ऊन होतं, उन्हात बाज टाकलेली. बीजी, म्हणजे त्या मुलीची आई, साठीच्या. त्यांनी मला बाजेवर शेजारी बसवलं. भिंतीवर मुलीचा फोटो, हसरी, खांद्यावर ओढणी. नाव हरलीन. शाळेत शिकवायची.

मी वाटेत हिंदी वाक्यं घोकली होती. बसल्याबसल्या म्हणून टाकली: "बीजी, जनवरी में, वीरवार की दोपहर को मुझे फोन आया था. मैं आपका कैसे शुक्रिया करूँ, मुझे नहीं पता. खाली हाथ आना ठीक नहीं लगा." आणि डबा पुढे केला.

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग विचारलं, "मैं हाथ रख लूँ?"

नवी किडनी पाठीत नसते. ती पोटात, उजवीकडे खाली बसवतात. मी शाल बाजूला करून त्यांचा हात तिथे नेला. त्यांचा तळवा खरखरीत आणि ऊबदार होता. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, शब्द ऐकू आले नाहीत. अविनाश मान फिरवून शेताकडे बघत होता. मला दहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की आत जी आहे ती पाहुणी नाही.

तेवढ्यात हरलीनचे वडील, दारजी, म्हशीला चारा घालून आले. हात धुऊन समोर बसले, दशमी मोडून तोंडात घातली. "दूध में गूंधी है," असं म्हणून मान डोलावली. मग आपणहून सांगायला लागले. "मंगल का दिन था जी. सवेरे डॉक्टर ने कहा, अब कुछ नहीं बचा. शाम तक सब कुछ ले लिया. बुध को हम उसे घर ले आए. बुध को ही संस्कार किया."

मी ऐकत होते. आणि मग माझ्यातल्या टेस्टरला ते दिसलं. मंगळवार. संध्याकाळपर्यंत. माझा फोन वीरवारी दुपारी आला होता, आणि किडनी दोन दिवस थांबत नाही. मी अविनाशकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं, त्याचा चेहरा उतरला होता. बीजींचा हात अजून माझ्या पोटावर होता.

गप्प बसता आलं असतं. सगळ्यांचं चांगलं झालं असतं. पण ज्यांनी सगळंच दिलं त्यांना मी खोटं देऊन जाणार होते का?

"बीजी," मी म्हटलं. "मेरा वीरवार था. मंगल नहीं था. ये हरलीन की नहीं है. मुझसे गलती हो गई. मुझे माफ करना."

दारजींचा हात ताटलीत थांबला. बीजींनी हात काढला नाही.

"सुना था मैंने," त्या म्हणाल्या. "आपने बैठते ही वीरवार बोला था. मंगल मैं कैसे भूलूँगी?"

"फिर आपने हाथ...?"

"किसी की तो है न, पुत्तर. उसकी माँ को आपका घर पता नहीं. तो उसकी जगह मैंने रख लिया." मग फोटोकडे न बघता म्हणाल्या, "मेरी वाली पर भी कोई रखती होगी."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. त्या पाठीवर थोपटत राहिल्या आणि दारजी उठून सगळ्यांसाठी चहा सांगून आले.

निघताना बीजी म्हणाल्या, थांबा. आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. जड होता. आत पंजिरी, तुपात भाजलेली कणीक, डिंक, बदाम. बाळंतिणीला देतात ती. "खाली डिब्बा नहीं लौटाते," त्या मला समजावून सांगत होत्या. मला! मग विचारलं, "डॉक्टर क्या कहता है, ठीक चल रही है?"

"कहते हैं पानी कम पीती हूँ."

"क्यों कम पीती हो?"

मी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

पंजिरी

घरी आल्यावर मी पंजिरीचे दोन भाग केले. एक आम्हाला. दुसरा कराडला पाठवला, सोबत चिठ्ठी: 'वहिनी, ही बाळंतिणीची असते म्हणे, पण घाबरणाऱ्यांनाही चालेल. मागच्या दिवाळीत डबा रिकामा आला, तो माझा खवचटपणा.' चार दिवसांनी दादाचा फोन आला. तो म्हणाला, "साखर कमी आहे गं यात." मी म्हटलं, "मग पुढच्या वेळी तू घालून पाठव." त्याने मला किडनी दिली नाही. तो माझा भाऊ आहे, आणि त्याला भीती वाटली. एवढंच झालं होतं.

माझी वीरवारची माणसं कोण, मला माहीत नाही. आता मी शोधत नाही. मी त्यांच्यासाठी आठवं पत्र लिहिलं, दोन ओळींचं, आणि ते न फाडता हॉस्पिटलात दिलं. पोचलं की नाही हेही विचारलेलं नाही.

पण दर मंगळवारी, मी ऑफिसात असते तेव्हा, बीजींचा फोन येतो. कधी साडेदहाला, कधी अकराला. हालहवाल नाही, प्रस्तावना नाही. मुलीचा वार आहे त्यांचा, मला कळतं. मी जागेवरून उठून पाण्याच्या यंत्रापाशी जाते.

"पानी पिया?"

"पी लूँगी, बीजी."

"अभी पियो. मैं लाइन पर हूँ."

मी मोठा ग्लास भरते, फोन कानाला धरूनच तोंडाला लावते. माझे घोट त्यांना ऐकू जातात. ग्लास संपेपर्यंत त्या काही बोलत नाहीत.